शिष्यवृत्ती म्हणजे खांद्यावरचा तारा नव्हे

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, कापसाच्या आणि पोडांच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांच्या, मुलखात आमचा तालुका आहे. इथल्या माजी सैनिकांनी आणि काही गावकऱ्यांनी मिळून चार वर्षांपूर्वी एक चांगलं काम हाती घेतलं. दहावी झालेल्या तीन मुलांना दरवर्षी निवडायचं आणि पुढची दोन वर्षं एनडीएच्या, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, प्रवेशाच्या तयारीसाठी पैसे द्यायचे. शिकवणीची फी, नागपूरचं वसतिगृह, पुस्तकं, येण्याजाण्याचं भाडं. कुणी पेन्शनमधून दिले, कुणी कापसाच्या चुकाऱ्यातून. निवड दहावीच्या टक्क्यांवर. यंदाच्या बैठकीत एका ताईंनी आतापर्यंतच्या निवडींची यादी वाचून दाखवली. सगळी मुलं तालुक्याच्या गावची, बहुतेक इंग्रजी माध्यमाची, एक सोडून सगळे मुलगे. खेड्यातलं मूल नाही, पोडावरचं तर नाहीच. त्या दिवसापासून जो वाद पेटला आहे तो किराणा दुकानापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे चालू आहे, आणि मला त्याचं दुःख होतं, कारण तो फार वाईट पद्धतीनं चालू आहे.

एक पक्ष म्हणतो, सीमेवर गोळी येते तेव्हा ती गाव विचारत नाही, जात विचारत नाही, बाई की माणूस हेही विचारत नाही. ज्याचे टक्के जास्त त्याला पैसे द्या आणि विषय संपवा. दुसरा पक्ष म्हणतो, आजवर त्यांचं झालं, आता आमचा वाटा टाका. एक पोडाला, एक खेड्याला, एक मुलीला. वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे. शिष्यवृत्ती हा प्रसाद आहे, आणि प्रश्न फक्त तो कुणाच्या हातावर पडावा एवढाच आहे, असं दोघांनाही वाटतं.

माझं मत आधीच सांगतो. खांद्यावर तारे चढवताना सगळ्यांना एकच माप लागलं पाहिजे. गाव म्हणून, जात म्हणून, मुलगी म्हणून तिथे अर्धा गुणही वाढवून मिळता कामा नये. पण त्या मापापाशी पोचण्यासाठी दिलेली मदत ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ती देताना मूल कुठून निघालं आणि आजवर किती चालून आलं हे पाहिलंच पाहिजे. ते न पाहता पैसे वाटले तर अन्याय होतो आणि जमवलेले पैसेही वाया जातात. लेखी परीक्षा, मग मुलाखत आणि मैदानी चाचण्या घेणारं लष्कराचं निवड मंडळ, वैद्यकीय तपासणी ही सगळी चाळण पुढे आहेच. शिष्यवृत्तीनं कुणी लेफ्टनंट होत नाही. चाळणीपर्यंत धान्य कोणत्या वावरातून न्यायचं, एवढंच आपल्या समितीच्या हातात आहे.

समोरच्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ज्याच्या हुकमावर तीस-चाळीस जवान अंधारात डोंगर चढणार आहेत, त्याची निवड कुणाचं मन राखण्यासाठी करायची नसते. अधिकाऱ्यांच्या भरतीत लष्करानं जातीचं आरक्षण ठेवलेलं नाही, आणि याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या समितीतले एक निवृत्त सुभेदार बैठकीत म्हणाले, "सर, आमच्या पलटणीत साहेब कोण्या गावचा हे आम्ही कधी पुसलं नाही. साहेब पुढं चालते का मांगं चालते, एवढंच पाह्यलं." या वाक्यापुढे मान लववावी असं त्यात खूप काही आहे. दुसरं, ज्या मुलांना आजवर पैसे मिळाले त्यांनीही रात्री जागून काढल्या आहेत. त्यांचे वडील कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. त्यांनी घरखर्चाला कात्री लावून मुलांना इंग्रजी शाळेत घातलं, हा काही गुन्हा नाही. आणि तिसरा मुद्दा तर मला रात्री झोपू देत नाही: "खेड्यातला" ही पाटी लावली की ती सर्वात आधी पळवतो तो खेड्यातला बलदंड. घर गावात, पोरगा नागपुरात, ट्रॅक्टर दारात आणि हातात तहसीलचा अल्प उत्पन्नाचा दाखला, अशी कुटुंबं मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील. हे सगळं मान्य करूनही माझं मत बदलत नाही. का ते सांगतो.

पहिल्यांदा टक्क्यांकडे पाहू. दहावीचे टक्के काय मोजतात? मुलाची बुद्धी आणि मेहनत मोजतात हे खरं, पण त्यासोबत शाळेत गणिताचा शिक्षक होता की नव्हता, घरात अभ्यासाला वेगळी खोली होती की नव्हती, शिकवणी कितीची होती, हेही मोजतात. आणि एनडीएला या टक्क्यांची गरज किती? लेखी परीक्षा ९०० गुणांची असते, गणित ३०० आणि सामान्य क्षमता चाचणी ६००. त्यातले २०० गुण एकट्या इंग्रजीचे. पुढे निवड मंडळाचे पुन्हा ९००. गेल्या काही वर्षांत लेखीतून पुढे जाण्यासाठी ९०० पैकी साधारण तीनशे ते साडेतीनशे गुण पुरले आहेत, आणि १८०० पैकी सातशेच्या आगेमागे असलेली मुलंही अंतिम यादीत आली आहेत. म्हणजे ही परीक्षा नव्वद टक्केवाल्यांतून पंच्याण्णववाला शोधण्यासाठी नाही. एक ठराविक पातळी गाठलेल्या मुलांमधून ती अधिकाऱ्याचे गुण असलेलं मूल शोधते. मंडळ असे पंधरा गुण तपासतं. मी बावीस वर्षं गणित शिकवतो. ज्या मुलाला गणिताची भीती नाही आणि ज्याला दोन वर्षं नीट शिकवलं, त्याला तीनशेच्या पुढे नेता येतं हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दहावीत त्र्याण्णव टक्के मिळवलेलं मूल तिथे बहुतेक वेळा आपल्या पैशांशिवायही पोचतं. एकाहत्तरवाल्याला पैसे दिले तरच तो पोचतो. मग शंभर रुपये कुठे टाकले तर देशाला एक उमेदवार जास्त मिळेल?

एकाहत्तर हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. माझ्याकडे गणिताला येणारी एक मुलगी आहे, कोलाम पोडावरची. घरात कोलामी, शाळेत मराठी आणि अकरावीच्या पुस्तकात इंग्रजी, म्हणजे प्रत्येक उदाहरणाचं तिला मनात दोनदा भाषांतर करावं लागतं. गेल्या हिवाळ्यात ती पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावायची आणि दिवस उगवला की आईसोबत कापूस वेचायला जायची. वेचणीच्या दिवसांत तिच्या बोटांवर सुकलेल्या बोंडांच्या टोकांचे चरे असत आणि वहीच्या पानाला कापसाचे तंतू चिकटलेले असत. त्रिकोणमितीतला मनोऱ्याच्या उंचीचा धडा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "सर, टाकी साडेदहा मीटर हाय." मला कळेना. पोडावरच्या पाण्याच्या टाकीची सावली आणि हातातल्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काडीची, सावली मोजून तिनं ते गणित घरी जाऊन केलं होतं. एकदा मी तिला मुलाखतीसारखं समोर बसवलं आणि इंग्रजीत विचारलं, स्वतःविषयी सांग. ती दोन मिनिटं जमिनीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मले मराठीत सांगू द्या ना जी." आणि मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यात हातपंपाचं पाणी खोल गेलं तेव्हा बाया रोज भांडायच्या, पाण्याचे गुंड, घागरी फेकायच्या. हिनं घरोघरी जाऊन माणसं मोजली, चार रांगा पाडल्या, कुणाची पाळी कधी ते शाळेच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं आणि पहिले आठ दिवस स्वतःच्या घरची पाळी सर्वात शेवटी ठेवली. भांडणं थांबली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. निवड मंडळाच्या पाच दिवसांत हेच तपासतात: नेता न नेमलेल्या गटात कोण पुढे येतं, साधनं कमी असताना कोण वाट काढतं. आपल्या समितीच्या अर्जात मात्र यासाठी रकाना नाही. तिचा अर्ज टक्क्यांच्या पहिल्याच चाळणीत बाजूला पडला.

"पण गुणवत्ता पातळ होईल ना?" हा प्रश्न आपल्याकडे फार प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून तो याआधी कुणी आणि कधी विचारला होता हेही पाहिलं पाहिजे. ब्रिटिश सैन्यात १८७१ सालापर्यंत पायदळाच्या आणि घोडदळाच्या अधिकाऱ्याचं पद पैसे मोजून विकत मिळायचं. साध्या पायदळ पलटणीतल्या सर्वात खालच्या पदाचा सरकारी भाव ४५० पौंड होता. वेलिंग्टनसारख्या सेनापतीनं या पद्धतीची बाजू घेतली, कारण प्रतिष्ठा आणि मालमत्ता असलेला माणूसच राज्याशी इमान राखेल असं त्या काळच्या शहाण्यांना वाटायचं. ती प्रथा बंद झाली आणि ब्रिटिश सैन्य काही बुडालं नाही. आपल्या घरचं उदाहरण आयसीएसचं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेचं. १८५५ पासून तिथे स्पर्धा परीक्षा सुरू झाली. कागदावर हिंदुस्थानी मुलालाही दार उघडं होतं, फक्त परीक्षा लंडनला व्हायची. पुढे वयाची अट एकोणिसावर आणली. परीक्षा एकाच वेळी इथेही घ्या म्हणून दादाभाई नौरोजींनी वर्षानुवर्षं जोर लावला, १८९३ साली ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात तसा ठरावही झाला, तरी भारतात पहिली परीक्षा व्हायला १९२२ उजाडलं. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच होती, मग अन्याय कुठे होता? समुद्राच्या भाड्यात होता. आज आमच्या पोडापासून नागपूरच्या शिकवणीपर्यंतचं अंतर हा तसाच समुद्र आहे.

आणखी जवळचं सांगतो, कारण विदर्भात हे विसरणं शोभत नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती. पुढे इंग्रजांनी लढाऊ जमातींचा सिद्धांत काढला आणि १८९२ साली महारांच्या भरतीचं दार बंद केलं. कोणत्या रणांगणावर ते कमी पडले होते? कुठल्याच नाही. १९१० साली महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे विनंती अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं, डॉ. आंबेडकरांनी मागणी लावून धरली आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. या सगळ्या वर्षांत त्या माणसांचं शौर्य तेच होतं. गरज पडली की सरकारला त्यांची योग्यता दिसायची आणि गरज संपली की दिसेनाशी व्हायची. म्हणून "ज्याची योग्यता आहे तो येतोच" असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, दार बंद असताना कुठून येणार होता?

यातला सर्वात बोलका दाखला तर निवड मंडळाचाच आहे, ज्याची आपले गुणवत्तावाले मित्र शपथ घेतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्य अधिकारी निवडायचं ते थोडक्या वेळाच्या मुलाखतीतून. शाळा कोणती, वडील काय करतात, खेळ कोणता खेळता. बड्या शाळांतली गोड बोलणारी पोरं पास व्हायची, आणि पुढे प्रशिक्षणात त्यातली कितीतरी अपुरी ठरून परत यायची. सैन्यात साध्या घरांतली हजारो माणसं होती, ती मात्र मुलाखतीच्या टेबलावर उठून दिसत नव्हती. तेव्हा १९४२ साली तिथे नवी मंडळं नेमली, मानसशास्त्रज्ञ बसवले, मैदानावर गटाला काम देऊन माणूस जोखायची पद्धत काढली. तीच पद्धत १९४३ साली डेहराडूनला आली. म्हणजे आजची सर्वात कसोटीची चाचणी जन्मली ती "नेहमीच्याच घरांतून नेहमीचीच पोरं येतात आणि त्यामुळे सैन्याचं नुकसान होतं" या अनुभवातून. वेगवेगळ्या थरांतली माणसं शोधल्यानं सैन्य कमकुवत होतं, असं म्हणणाऱ्यानं आधी या मंडळाचा इतिहास पाहावा.

शिवाय दार आणि वाट यांतला जो फरक मी मांडतो आहे तो सरकारनं केव्हाच केलेला आहे. एनडीएत जातीच्या राखीव जागा नाहीत, पण एनडीएसाठीच मुलं घडवणाऱ्या सैनिक शाळांच्या प्रवेशात अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के आणि २०२१-२२ पासून इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत. उरलेल्या जागांपैकी २५ टक्के सैन्यातल्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी. या शेवटच्या पंचवीस टक्क्यांनी गुणवत्ता पातळ झाली असं आमच्या समितीत कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही, आणि म्हणूही नये, कारण बदल्यांच्या आयुष्यात त्या मुलांची शाळा तुटते याची ती भरपाई आहे. मग ज्या मुलाची शाळा कापूस वेचणीनं तुटते त्याची? जवानांच्या भरतीतसुद्धा लष्करानं साठच्या दशकापासून राज्याराज्यातल्या भरतीयोग्य पुरुषांच्या संख्येप्रमाणे जागा वाटल्या, म्हणजे प्रदेश पाहिला. नवोदय विद्यालयांचं तर बीजच आपल्याकडचं. १९८५-८६ साली देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, त्यातलं एक अमरावतीला. तिथे निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना असतात. त्या शाळांचे निकाल पाहून कुणी त्यांना कमअस्सल म्हणेल का?

आणि आता जे बोलायचं आहे ते तालुक्याच्या गावातल्या माझ्याच मित्रांना उद्देशून. आपण विदर्भाची माणसं. अनुशेष हा शब्द आपल्या तोंडी बसलेला आहे. विदर्भाला महाराष्ट्रात न्याय्य वाटा देण्याचं वचन देणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराचा हवाला आपण देतो, अनुशेष मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीचे आकडे सांगतो, आणि सिंचनापासून नोकऱ्यांपर्यंत आमच्या वाट्याला कमी आलं म्हणून हक्कानं मागतो. सैनिकी शिक्षणाचंही तसंच. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्याला निघाली. विदर्भात केंद्राची सैनिक शाळा यायला, चंद्रपूरला, २०१९ साल उजाडलं. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारनं १९७७ साली संस्था काढली ती औरंगाबादला, आणि मुलींसाठीची २०२३ साली निघाली ती नाशिकला. हे सांगताना आपला आवाज चढतो आणि तो चढायलाच हवा. पुण्याच्या मुलाला जे सहज मिळतं ते यवतमाळच्या मुलाला मिळत नाही, म्हणून दोघांचे टक्के सरळ शेजारी ठेवू नका, हा आपला युक्तिवाद आहे. मग हाच युक्तिवाद पोडावरच्या मुलीच्या तोंडून आला की तो "गुणवत्तेवर घाला" कसा होतो? पुण्यानं यवतमाळचा अनुशेष मानावा आणि यवतमाळनं पोडाचा मानू नये, हे कोणत्या न्यायात बसतं?

दुसऱ्या पक्षाशीही माझं भांडण आहे. "एक पोडाला, एक खेड्याला, एक मुलीला" असं वाटून टाकलं की प्रश्न मिटतो असं समजणं आळशीपणाचं आहे. पात्रता न पाहता नुसतं नाव भरण्यासाठी नेलेलं मूल नागपूरच्या वसतिगृहात तीन महिन्यांत मोडून पडतं आणि घरी परत येतं. मग सगळा तालुका म्हणतो, पाहा, त्यांना झेपतच नाही. त्या एका मुलाच्या अपयशाची किंमत पुढची दहा मुलं चुकवतात. समाजाचा वाटा म्हणून शिष्यवृत्ती मागणाऱ्यांना मी हे तोंडावर सांगितलं आहे आणि त्यांना ते आवडलेलं नाही. मुलींच्या बाबतीतही नुसती जागा ठेवून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं मुलींना एनडीएची परीक्षा देता आली. २०२२ साली पहिल्या तुकडीसाठी १९ जागा होत्या आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी खडकवासल्याच्या एनडीएतून शिकून बाहेर पडल्या. दार उघडलं. पण आमच्याकडे अकरावी-बारावीच्या मुलीला नागपुरात एकटी ठेवायला बाप तयार होत नाही तो पैशांमुळे कमी आणि भीतीमुळे जास्त. तिथे समितीतल्या एखाद्या ताईनं त्या घरी चार वेळा जाऊन बसावं लागेल, वसतिगृह दाखवून आणावं लागेल. हे काम चेक लिहिण्यापेक्षा अवघड आहे.

मग निवड कशी करावी? मला वाटतं, आधी एक किमान रेषा ठेवावी आणि ती सगळ्यांना सारखी असावी. आठवीपर्यंतच्या गणिताचा साधा पेपर, एक धाव, आणि मैदानावर गटाला दिलेलं एखादं काम. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी कोणतीही. दात आणि डोळेही तेव्हाच तपासून घ्यावेत, कारण वैद्यकीय तपासणीत दातांचे किमान चौदा गुण लागतात आणि आपल्याकडे तंबाखूच्या खर्ऱ्यानं पंधराव्या वर्षीच दात खराब झालेली पोरं आहेत. त्यांना वेळेत दवाखान्यात नेणं हीसुद्धा शिष्यवृत्तीच आहे. रेषा ओलांडणाऱ्यांमध्ये मग टक्के बघा, पण ते त्या मुलाच्याच शाळेतल्या इतर मुलांशी ताडून. ज्या शाळेत सर्वात वरचा मुलगा चौऱ्याहत्तरवर आहे तिथले एकाहत्तर, आणि जिथे निम्मा वर्ग नव्वदच्या पुढे आहे तिथले ब्याण्णव, यांत जास्त चालून कोण आलं हे सांगायला गणिताचा शिक्षक लागत नाही. दाखल्यावर विसंबू नका. तलाठ्याचा कागद खोटा असू शकतो, पण मूल पाचवीपासून कोणत्या शाळेत होतं हे शाळेचं रजिस्टर सांगतं, आणि समितीतल्या दोघांनी घरी जाऊन चहा घेतला की बाकीचं कळतं. ट्रॅक्टरवाला तिथेच गळेल. तीनपैकी एक जागा मुलीची असावी. एखाद्या वर्षी रेषा ओलांडणारी मुलगी मिळाली नाही तर ते पैसे पुढच्या वर्षासाठी ठेवावेत, पण रेषा खाली आणू नये. आणि ज्या घरांना फी परवडते त्यांच्या मुलांना दूर लोटायचं कारण नाही. सुभेदार साहेबांचं मैदान, सराव मुलाखती, माझं गणित त्यांच्यासाठीही उघडं आहे. फक्त पैसे त्यांना नकोत.

"म्हणजे आमच्या पोराला हुशार असल्याची शिक्षा?" असं एका पालकांनी मला बाजारात थांबवून विचारलं. त्यांचा राग मी समजू शकतो. पण शिक्षा कशाची? त्यांच्या मुलाचं एनडीएचं दार कुणी लावलेलं नाही, परीक्षेत एक गुण कुणी कापणार नाही, मंडळासमोर तो आपल्या बळावर उभा राहील. आपल्याकडे जे आधीच आहे ते वर्गणीतून पुन्हा मिळालं नाही, एवढंच झालं. ही वर्गणी देणाऱ्यांत कापूस वेचणाऱ्या बायाही आहेत, दहा-दहा रुपये दिलेल्या. त्यांनी ते कशासाठी दिले असतील?

सैन्यात काही हजार अधिकाऱ्यांची पदं आज रिकामी आहेत. मंडळ माप खाली आणत नाही आणि आणूही नये, म्हणून ती रिकामी राहतात. अशा वेळी त्याच चार शहरांतल्या त्याच शिकवण्यांकडे पुन्हापुन्हा पाहत राहायचं, की जिथे आजवर कुणी पाहिलंच नाही तिथे जाऊन पाहायचं? मेळघाट, झाडीपट्टी, माणिकगडचे डोंगर, आमची पोडं. या गावांनी जवान दिले, पोलीस दिले, गडचिरोलीत जीव दिले. इथे पुढे चालणारी माणसं नाहीत असं कोण म्हणेल?

पोळ्यानंतरच्या रविवारी समितीची सभा आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून दिला आहे. अर्जाच्या नमुन्यात टक्क्यांच्या रकान्याआधी तीन रकाने वाढवले आहेत: शाळा कोणती, त्या शाळेत यंदा सर्वात जास्त गुण किती, आणि घरापासून शाळा किती लांब व जाण्याचं साधन कोणतं. टाकीची उंची मोजणाऱ्या मुलीनं तालुक्याला अकरावी विज्ञानाला नाव घातलं आहे. एसटीचा मुलींचा मोफत पास आहे, सकाळी साडेसहाची गाडी आहे, परतीची कधी येते कधी येत नाही. एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं, म्हणजे तिच्याकडे दोन-तीन संधी आहेत. ज्यांना माझं म्हणणं चुकीचं वाटतं त्यांनी सभेला जरूर यावं. यंदाचे सगळे अर्ज, बाजूला पडलेले सुद्धा, मी सोबत आणणार आहे. नावं झाकून ते एकेक करून वाचू.